सरकार: त्रेपन्न वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

एकोणीस वर्षं मी लोकांच्या तक्रारी वाचल्या. घरगुती उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात माझी नोकरी होती. सकाळी आल्या आल्या टेबलावर गठ्ठा: बटण आत बसलं, खडखड आवाज येतो, मेकॅनिक तीनदा येऊन गेला तरी तेच. इतकं वाचून एक गोष्ट पक्की कळली. वस्तू बिघडली म्हणून गिऱ्हाईक फारसं चिडत नाही. वस्तू आहे, बिघडायचीच. बिघडल्यावर दाद लागली नाही की मात्र ते पाच पानी पत्र लिहितं आणि शेवटी ठळक अक्षरांत, 'पुन्हा तुमची वस्तू घेणार नाही.' ही धमकी आमच्या साहेबांना बरोबर लागायची. त्या दिवशी मेकॅनिक जायचाच.

आज जिच्याबद्दल लिहितेय त्या सेवेला ही धमकी देता येत नाही. सरकार ही सेवा मी त्रेपन्न वर्षं वापरतेय आणि ती मी निवडलेली नाही. जन्मले, कुणीतरी रजिस्टरात नोंद केली, झाले मी गिऱ्हाईक. पैसे भरणं थांबवता येत नाही, कनेक्शन तोडून मागता येत नाही. देश सोडला तर दुसऱ्या सरकारच्या दारात उभं राहायचं, म्हणजे कंपनी बदलली, सेवा तीच. तेही तिथल्यांनी आत घेतलं तर. मेल्यावरही सुटका नाही, हे मला या वर्षी कळलं. माणूस मेला, हेही यांनी लिहून दिल्याशिवाय कुणी मानत नाही.

वडील गेले. दाखला आला, त्यात त्यांच्या नावातल्या 'ण'चा 'न' झालेला. माणूस आयुष्यभर 'ण' लावून सही करत होता. एका अक्षरानं काय बिघडतं, असं मला वाटलं होतं. बँकेला तसं वाटलं नाही, विमा कंपनीलाही नाही. त्यांच्या लेखी 'ण'वाले वडील अजून जिवंत होते आणि 'न'वाला कुणी परका माणूस वारला होता.

म्हणून मी खिडकीपाशी गेले. खिडकी म्हणजे काचेत खालच्या बाजूला कापलेला अर्धगोल, माझ्या कमरेच्या जेमतेम वर. आतल्या माणसाशी बोलायचं तर वाकावं लागतं. ताठ उभं राहून बोललं तर आवाज काचेवर आपटून आपल्याकडेच परत येतो. वाकलं की तोंड बरोबर त्या अर्धगोलाशी येतं, पण मग आतला माणूस दिसत नाही, फक्त त्याचे हात दिसतात. आमच्या सर्व्हिस सेंटरच्या काउंटरची उंची किती ठेवायची यावर तीन बैठका झाल्या होत्या, एकदा तर एका वयस्कर गिऱ्हाइकाला बोलावून उभं करून बघितलं होतं. इथे अशी बैठक झाली नसावी. गिऱ्हाईक जाणार कुठे?

"काकू, दुरुस्ती मला करता येत नाही," हात म्हणाले. "अर्ज, प्रतिज्ञापत्र, आणि नाव बरोबर असलेल्या तीन जुन्या कागदांच्या साक्षांकित प्रती."

"अहो, पण चूक इथेच झालीय ना?"

"हो, दिसतंयच की."

"मग?"

"मग अर्ज."

चूक त्यांची, शपथ माझी. असो. 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' म्हणतात; माझं काम अकरा आठवड्यांत झालं. म्हणीच्या मानानं निम्म्याहून कमी वेळ लागला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटायला नको की या बाईला सरकारच नकोय.

त्या अकरा आठवड्यांत मी नऊ वेळा तिथल्या बाकावर बसले. मोबाईलची बॅटरी संपली की माणूस विचार करायला लागतो. मी माझ्या जुन्या सवयीनं सुरुवात केली: वस्तू नेमकी कशासाठी घेतली होती? कारण निम्म्या तक्रारी तिथेच निकालात निघायच्या. पंख्यानं खोली गार करावी अशी अपेक्षा ठेवली तर पंखा नापासच होणार.

सरकार कशासाठी, याचं सगळ्यात भेदरलेलं उत्तर टॉमस हॉब्ज या इंग्रजानं १६५१ मध्ये दिलं. त्याच्या हयातीत देशात यादवी झाली होती, राजाचं डोकं उडवलं गेलं होतं. त्याचं म्हणणं असं की वर कुणी धाक असलेला नसेल तर बळी तो कान पिळी. तेव्हा सगळ्यांनी आपापलं बळ एकाच्या हाती द्यावं आणि जीव वाचवावा. त्यानंतर सुमारे पावणेतीनशे वर्षांनी, १९१९ मध्ये, म्यूनिकच्या एका भाषणात जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी तेच कोरड्या भाषेत सांगितलं. एखाद्या प्रदेशात बळ वापरण्याचा अधिकृत मक्ता ज्याच्याकडे आहे, आणि लोकांनी तो मान्य केलाय, ते राज्य. बाकी टपाल, शाळा, रस्ते, दवाखाने हे दुसरा कुणीही करू शकतो, बऱ्याच ठिकाणी करतोही. दार तोडून आत येणं आणि ते कायदेशीर असणं, हे एकट्या सरकारला जमतं. माझ्या मते या सेवेचा अभिप्राय लिहिताना ही गोष्ट क्षणभरही नजरेआड होऊ देऊ नये. तो मऊ आवाजात 'मग अर्ज' म्हणणारा मुलगाही शेवटी त्याच मक्त्याची एक खिडकी आहे.

मक्ता कशाला वापरायचा, याची यादी अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथनं १७७६ मध्ये केली आणि ती आश्चर्य वाटावं इतकी छोटी आहे. बाहेरच्यांपासून संरक्षण, आतल्या अन्यायापासून संरक्षण, आणि अशी सार्वजनिक कामं ज्यातून कुणा एकाला खर्चही सुटणार नाही पण सगळ्यांना उपयोग होईल. तिसरं कलम दिसायला साधं आहे आणि सगळी भांडणं तिथेच आहेत. उदाहरण म्हणून दीपगृह सांगायची अर्थशास्त्रात जुनी पद्धत. दिव्याचा उजेड पैसे भरलेल्या जहाजाला दिसतो तसा फुकट्यालाही दिसतो, मग खासगी माणूस तो कशाला लावेल? हे इतकं पटण्यासारखं आहे की कुणी तपासायला गेलं नव्हतं. १९७४ मध्ये अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी जुने दस्तऐवज काढून दाखवलं की इंग्लंडच्या किनाऱ्यावर सतराव्या शतकात खासगी माणसांनी दीपगृहं बांधली होती, चालवली होती आणि बंदरात येणाऱ्या जहाजांकडून शुल्कही घेतलं होतं. यावर टीकाकारांनी लगेच विचारलं: ते शुल्क घ्यायचा हक्क कुणी दिला? राजानं. बंदरात वसूल कोण करायचं? सरकारी जकातवाले. दोघंही बरोबर आहेत, आणि म्हणूनच मला ही गोष्ट आवडते. 'हे सरकारनंच करावं' आणि 'सरकारचा इथे काय संबंध' या दोन ओरडण्यांच्या मधे बरीच मोकळी जागा असते. काम एकाचं, परवाना दुसऱ्याचा, हिशेब तिसऱ्याचा, असं चालू शकतं.

काही कामं मात्र निखळ सरकारांचीच. देवी या रोगाविरुद्ध जागतिक आरोग्य संघटनेनं १९६७ मध्ये जोरदार मोहीम काढली, १९७७ मध्ये सोमालियात नैसर्गिकपणे झालेला शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि १९८० मध्ये रोग संपल्याचं जाहीर झालं. त्या मोहिमेत एकमेकांवर अण्वस्त्रं रोखून बसलेले दोन देश, अमेरिका आणि सोव्हिएत संघ, एकाच बाजूला होते. माझ्या दंडावर देवीच्या लसीचा वण आहे, माझ्या मुलीच्या दंडावर नाही. तिला तो घ्यावाच लागला नाही. या सेवेला मी जे काही गुण देणार आहे, त्यातला मोठा वाटा या एका वणाचा.

आणि आता माझं सगळ्यात लाडकं उदाहरण, स्वीडनचं. तिथे गाड्या डाव्या बाजूनं चालायच्या. शेजारी नॉर्वे आणि फिनलंड उजव्या बाजूनं, आणि स्वीडनमधल्या बहुतेक गाड्यांचं स्टिअरिंगही डावीकडेच, म्हणजे उजव्या बाजूच्या रस्त्याला सोयीचं. बदलावं का, असं १९५५ मध्ये लोकांना विचारलं. सुमारे ८३ टक्क्यांनी नको म्हटलं. संसदेनं १९६३ मध्ये तरीही बदल ठरवला. ३ सप्टेंबर १९६७, रविवार, पहाटे पाचला दहा मिनिटं कमी असताना रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या, हळूच दुसऱ्या बाजूला सरकल्या, आणि पाच वाजता देश उजवीकडून चालू लागला.

मी तिथे असते तर १९५५ मध्ये 'नको'वरच शिक्का मारला असता आणि १९६७ मध्ये कुरकुरत बाजू बदलली असती. सरकारची भूमिका मला इथे इतकी स्वच्छ दिसते जितकी कुठेच दिसत नाही. डावी बरोबर की उजवी, याला उत्तर नाही. पण कुणीतरी एकानं सांगावंच लागतं, आणि सगळ्यांना ते एकाच मिनिटाला ऐकावं लागतं. एकट्यानं उजवीकडून गाडी चालवून बघतो म्हणण्यात अर्थ नाही. जे एकट्यानं करताच येत नाही, तिथे पंच लागतो.

पण ८३ टक्क्यांचं काय? लोकांनी नको म्हटलेलं करणारं सरकार चांगलं कसं? यावर बाकावर बसून मी दोन दिवस डोकं खाजवलं. मग आकडा तोच ठेवून प्रश्न उलटा करून पाहिला. समजा ८३ टक्के लोक म्हणाले की अमक्यानं लिहिलेलं जाळून टाका, आणि सरकारनं तत्परतेनं ऐकलं. हे चांगलं सरकार? मुळीच नाही. म्हणजे टक्क्यांनी ठरत नाही. रस्त्याची बाजू सगळ्यांना मिळून एकच ठेवावी लागते. घरात बसून कुणी काय लिहावं, वाचावं, कुणाची प्रार्थना करावी किंवा करू नये, हे ज्याचं त्याला करता येतं आणि शेजाऱ्याचं त्यात काही मोडत नाही. पहिल्यात सरकारनं यावं. दुसऱ्यात ८३ काय, ९९ टक्के म्हणाले तरी येऊ नये. इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलनं १८५९ मध्ये मांडलेली कसोटी जवळपास हीच: माणसावर त्याच्या इच्छेविरुद्ध सक्ती करायची तर ती दुसऱ्याला होणारी इजा टाळण्यासाठी, त्याचं स्वतःचं भलं हे सक्तीला पुरेसं कारण नाही.

इथे प्रामाणिकपणे कबूल करते, मिलच्या कसोटीवर मी स्वतः नापास होते. गाडीत सीटबेल्ट लावण्याची सक्ती जगात पहिल्यांदा ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं १९७० मध्ये केली. बेल्ट लावला नाही तर मरतो तो स्वतःच, म्हणजे मिलच्या हिशेबानं सरकारनं नाक खुपसायचं कारण नाही. तरी ही सक्ती मला मान्य आहे. का? मागच्या सीटवर बसलेला बेल्ट न लावलेला माणूस पुढच्याच्या पाठीवर आदळतो, असं एक कारण मी स्वतःला देते. पण खरं कारण वेगळं आहे, ते असं की माझा भाऊ कुणाचं ऐकत नाही, दंडाचं ऐकतो. मला माहितेय, 'त्याच्या भल्यासाठी' हाच तो दरवाजा, ज्यातून पुढे काय वाट्टेल ते आत येतं. म्हणून मी बेल्टला दार किलकिलं करते आणि पाय अडवून उभी राहते. तत्त्वात बसत नाही. राहू दे.

मायबाप सरकार हा शब्द मला म्हणूनच आवडत नाही. मायबाप म्हटलं की आपण कायमचे पोरं झालो, आणि पोरांना प्रश्न विचारायची मुभा नसते. त्यातही 'आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना' असे मायबाप भेटले तर विचारूच नका: जे काम सरकार स्वतः करणार नाही, आणि दुसऱ्यानं करायचं म्हटलं तर सतरा परवानग्या. या प्रकारात हेतू वाईट असायची गरजच नसते. १६९६ मध्ये इंग्लंडमध्ये खिडक्यांवर कर आला. कल्पना हुशारीची होती. उत्पन्न मोजायला घरात शिरावं लागतं, लोक कागद लपवतात. खिडक्या रस्त्यावरून मोजता येतात आणि श्रीमंताच्या घराला त्या जास्त असणार. लोकांनी काय केलं? खिडक्या विटांनी बुजवल्या. नवी घरं कमी खिडक्यांची बांधली. भाड्याच्या मोठ्या इमारतींत गरीब कोंदट अंधारात राहू लागले, डॉक्टर ओरडू लागले की यानं रोग वाढतायत, आणि तरी तो कर १८५१ पर्यंत चालला. एकशे पंचावन्न वर्षं! वरून मोजणाऱ्याला खिडकी दिसते. आत बसलेल्याला किती उजेड लागतो ते आतल्यालाच ठाऊक. अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिश हायेक यांनी १९४५ मध्ये हाच मुद्दा बाजारभावांबद्दल मांडला होता, की समाज चालवायला लागणारी माहिती तुकड्या-तुकड्यांनी असंख्य डोक्यांत विखुरलेली असते आणि ती सगळी एका टेबलावर कधीच येत नाही. मला ते वाचण्याआधीच पटलेलं होतं. आमच्या मुख्य कार्यालयातून येणारी परिपत्रकं मी एकोणीस वर्षं वाचली आहेत.

बुजवलेल्या त्या खिडक्या ब्रिटनमधल्या जुन्या घरांवर अजून दिसतात. माझ्या खिडकीत निदान भोक तरी होतं.

आता वॉरंटीकडे येते. नवीन उपकरण आलं की लोक रंग बघतात, मी वॉरंटी कार्ड उलटं करते. मागच्या बाजूला, बारीक टायपात, कंपनी काय करणार नाही ते लिहिलेलं असतं. सरकारच्या बाबतीत हे कार्ड बरोबर उलट वाचायचं: इथे 'करणार नाही' हाच आपल्या फायद्याचा भाग. अमेरिकेच्या राज्यघटनेला १७९१ मध्ये जोडलेल्या पहिल्या दहा दुरुस्त्या वाचल्या तर बराचसा मजकूर असाच आहे. अमुक कायदा करता येणार नाही, तमुक हक्क मोडता येणार नाही. कुठेही 'तुम्हाला सुखी करू' असं वचन नाही.

यातली सगळ्यात सुरस गोष्ट लंडनची आहे, आणि ती मी बाकावरच्या माझ्या शेजाऱ्याला, जमिनीच्या नोंदीसाठी आलेल्या एका निवृत्त शिक्षकांना, पूर्ण ऐकवली. नोव्हेंबर १७६२. जॉन एंटिक नावाचा लेखक. मंत्र्यांवर झोंबणारं लिखाण करणाऱ्या साप्ताहिकाशी त्याचा संबंध असल्याचा संशय. मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स यांनी हुकूम काढला आणि कॅरिंग्टन नावाचा राजाचा माणूस आणखी तिघांना घेऊन त्याच्या घरात घुसला. चार तास. कुलपं फोडली, पेट्या फोडल्या, खोल्या धुंडाळल्या, कागद उचलून नेले. एंटिकनं काय करावं? त्यानं कॅरिंग्टनवर घुसखोरीचा दावा लावला. राजाच्या माणसावर, साध्या शेजाऱ्यानं कुंपण ओलांडल्यावर लावतात तसा दावा! कॅरिंग्टन म्हणाला, मंत्र्यांचा हुकूम होता. न्यायाधीश लॉर्ड कॅम्डन यांनी १७६५ च्या निकालात विचारलं ते साधारण असं: मंत्र्यांना असा हुकूम काढायचा अधिकार कोणत्या कायद्यानं दिला? कायदा असेल तर पुस्तकांत सापडेल. सापडत नाही, म्हणजे तो कायदा नाही. ज्यूरीनं तीनशे पौंड भरपाई ठरवली होती, ती एंटिकच्या पदरात पडली.

यातून निघालेला नियम मला तोंडपाठ आहे. माणसाला जे मना केलेलं नाही ते सगळं करता येतं. सरकारला जेवढं करायला सांगितलंय तेवढंच करता येतं. मेकॅनिक पंखा बघायला आलाय ना? मग कपाट उघडायचं नाही.

"आणि कपाट उघडलं तर तक्रार कुणाकडे?" गुरुजींनी विचारलं. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेला माणूस, नेमकं बोट ठेवलं. आमच्या कंपनीत पहिली काही वर्षं तक्रार विभाग विक्री साहेबांच्या हाताखाली होता. तक्रार वाचून साहेब पहिला प्रश्न काय विचारायचे, तर 'गिऱ्हाइकानं नीट वापरलं होतं का?' दरवेळी. विभाग वेगळा झाल्यावर त्याच साहेबांच्या, त्याच वस्तूच्या तक्रारी अचानक खऱ्या ठरायला लागल्या. कायदा करणारा, राबवणारा आणि निवाडा देणारा वेगळे हवेत, हे फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू यांनी १७४८ मध्ये का सांगितलं असावं, ते मला त्या बदलानंतर कळलं. कुंपणच शेत खायला लागलं तर ते सांगायला कुंपणाबाहेरचा कुणीतरी लागतो. स्वीडननं १७६६ मध्ये छापण्याचं स्वातंत्र्य कायद्यानं दिलं आणि १८०९ मध्ये अधिकाऱ्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला संसदेचा वेगळा माणूस नेमायची तरतूद केली, ओम्बुड्समन. राजाचा नोकर नव्हे, हे महत्त्वाचं.

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० मध्ये गिऱ्हाइकाचे दोन मार्ग सांगितले होते: निघून जा, नाहीतर बोल. जिथून निघून जाता येत नाही तिथे बोलणं एवढंच उरतं. तेव्हा अशा सेवेत बोलणाऱ्याचं तोंड बंद केलं तर दुरुस्तीची सगळी सोयच संपते. अमर्त्य सेन यांचं निरीक्षण प्रसिद्धच आहे की निवडणुका आणि मोकळी वृत्तपत्रं असलेल्या चालत्या लोकशाहीत मोठा दुष्काळबळींचा प्रसंग आलेला नाही. त्याचं कारण राज्यकर्ते तिथे जास्त दयाळू असतात हे खासच नाही. ओरडा ऐकू येतो आणि खुर्ची जाते, इतकंच.

सातव्या आठवड्यात एक गोष्ट घडली जिनं माझा हा अभिप्राय जरा बदलला. एक गृहस्थ आले, खिडकीकडे बघितलंही नाही, बाजूच्या दारानं आत गेले. आत कुणीतरी ओळखीचं असावं. दहा मिनिटांत दुरुस्त दाखला हातात घेऊन, तो वाऱ्यावर हलवत बाहेर. माझं डोकं फिरलं. गुरुजी म्हणाले, "चालायचंच." मी म्हटलं, "का म्हणून चालायचं?" आणि रागाच्या भरातच माझ्या लक्षात आलं, की पहिल्या दिवशी मी त्या मुलाकडे नेमकं हेच मागत होते. दिसतंय ना चूक आहे, मग कर की दुरुस्त, कशाला अर्ज! तो माझ्या रडवेल्या चेहऱ्याकडे बघून 'ण' घालू शकला असता, तर दुसऱ्या कुणाच्या जाड पाकिटाकडे बघून तिसऱ्याच्या बापाचं नावही बदलू शकला असता. 'मला करता येत नाही' हे त्याचं वाक्य मला लाल फीत वाटलं होतं. ते वाक्य म्हणजे लॉर्ड कॅम्डनच होते, जरा कंटाळलेल्या आवाजात.

पण म्हणून अकरा आठवडे माफ नाहीत. त्या मुलानं स्वतःच्या अधिकारात दुरुस्ती करू नये, मान्य. ज्याला अधिकार आहे त्यानं ती किती दिवसांत करावी, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं, भिंतीवरचे फलक वाचले, कुठेच नव्हतं. मला बांधणाऱ्या तारखा सगळ्या छापलेल्या: अर्ज इतक्या दिवसांत, प्रती इतक्या. त्यांना बांधणारी एकही नाही. १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेत इंग्लंडच्या राजानं लिहून दिलं होतं की न्याय कुणाला विकणार नाही, नाकारणार नाही आणि लांबवणारही नाही. लांबवणं हे विकण्या-नाकारण्याच्या पंगतीला आठशे वर्षांपूर्वी बसवलेलं आहे. अर्थात ती सनद १५ जूनला झाली आणि पोपनं २४ ऑगस्टला रद्द केली, म्हणजे पहिल्या खेपेला ती दहाच आठवडे टिकली. माझ्या 'ण'ला तिच्याहून एक आठवडा जास्त लागला. पुढे ती पुन्हा काढली गेली, पुन्हा, पुन्हा. अर्जच म्हणायचा.

तर तारे. संरक्षण, रोगराई, रस्त्याची बाजू: चार. माझ्या घरात, डोक्यात आणि कपाटात डोकावण्याचा सोस: एक, आणि तोही वरच्यावर काढून घ्यावासा वाटतो. तक्रार निवारण: दोन. खिडकीची उंची: शून्य. एकूण तीन लिहा. 'दुसऱ्यांना ही सेवा सुचवाल का' हा रकाना मी रिकामा सोडते. नवीन वापरणाऱ्यांना एवढंच सांगेन की प्रती तीन सांगितल्या तरी पाच न्या, प्रत्येक कागदावर पोच घ्या, आणि खिडकीतल्या माणसावर ओरडू नका. ज्याच्यावर ओरडायचं तो वरच्या मजल्यावर बसतो आणि त्याच्या दारावर नावाची पाटी असते.

अकराव्या आठवड्यात दाखला अर्धगोलातून बाहेर आला. "इथेच बघून घ्या काकू," हात म्हणाले, "नंतर काही निघालं तर परत अर्ज." 'ण' बरोबर होता. तरी मी पर्समधून चष्मा काढला आणि तिथेच, रांग खोळंबवून, वरपासून खालपर्यंत एकेक अक्षर वाचलं, तारीख, पत्ता, आईचं नाव, सगळं. मागून कुणी घाई केली नाही. गुरुजी तर वाकून माझ्याबरोबर वाचत होते.